माती आणि दगड हातात देऊन

वय चोरून सांगणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. व्यवहाराची रक्कम कमी दाखवणारीही पाहिली. पण दस्तात नातं लिहायची वेळ आली की माणूस जपून बोलतो. भाऊबंद समोर उभे असतात, आणि नातं चुकलं तर हक्कच बुडतो. सातारा जिल्ह्यातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांत माझी सगळी नोकरी झाली. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, सगळं हाताखालून गेलं आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. घराण्याचा इतिहास शोधायचा असेल तर आधी त्या घराण्याची जमीन शोधावी. आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या कागदापेक्षा हक्क टिकावा म्हणून लिहिलेला कागद नात्याच्या बाबतीत जास्त काटेकोर असतो.

निवृत्तीनंतर एडिंबरोला मुलीकडे राहायला आलो आणि हे मत दुसऱ्या मुलखात ताडून बघता आलं. जावई स्कॉटिश. विहीणबाईंचं माहेर अँगस परगण्यातल्या किरीम्यूरचं, हातमागावर लिनन विणणाऱ्यांचं. 'पीटर पॅन' लिहिणारे जे. एम. बॅरी याच गावचे, आणि त्यांचे वडीलही विणकरच होते. विहीणबाईंनी आपली वंशावळ १८५५ पर्यंत चोख लावली होती. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि लग्नाची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधी सगळी भिस्त चर्चच्या वह्यांवर. पर्थशरमधल्या एरल गावची वही १५५३ पासून आहे, पण असं गाव विरळा. कुठे वहीच गेली, कुठे पाद्रीबुवा लिहायला कंटाळले, कुठे कुटुंब सरकारी चर्च सोडून दुसऱ्या पंथात गेलं. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. तेवढ्यासाठी गरिबांनी बाळाची नोंदच केली नाही. विहीणबाईंच्या खापरपणजीचा बाप्तिस्मा असाच कुठल्याही वहीत सापडत नव्हता. मी विचारलं, "ताई, त्यांचं घर भाड्याचं होतं की स्वतःचं?" त्या म्हणाल्या, "स्वतःचं असावं. आजी 'आमचं घर' म्हणायची." मग आम्ही रजिस्टर हाउसला गेलो.

ही इमारत एडिंबरोच्या भर रस्त्यात, नॉर्थ ब्रिजच्या समोर उभी आहे. रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पीने आराखडा केला आणि १७७४ मध्ये पाया घातला. कागद ठेवण्यासाठी एवढी देखणी, घुमटाची इमारत बांधणारं राष्ट्र मला फार मोठं वाटलं. पैसा कुठून आला तेही सांगितलं पाहिजे. १७४५ च्या बंडात हरलेल्या जमीनदारांच्या मालमत्ता सरकारने जप्त केल्या होत्या. त्यांच्या उत्पन्नातून १२,००० पौंड या कामाला दिले गेले. जप्त जमिनींच्या पैशावर जमिनींच्या कागदांचं घर उभं राहिलं.

त्याआधी या कागदांनी फार हाल सोसले. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडचं दप्तर उचलून नेलं. १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याच्या हाती ते पुन्हा पडलं आणि लंडनला गेलं. १६६० मध्ये परत पाठवताना वादळ झालं, पिंपांत भरलेले कागद 'एलिझाबेथ' नावाच्या जहाजावर हलवले आणि ते जहाज नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याजवळ बुडालं. ८५ पिंपं समुद्रात गेली. म्हणूनच १७०७ मध्ये दोन्ही राज्यं एक झाली तेव्हा करारात कलम घालून घेतलं गेलं की राजमुकुट, राजदंड, तलवार आणि दप्तर ही यापुढे स्कॉटलंडमध्येच राहतील. मुकुटाच्या बरोबरीने दप्तराचं नाव! जन्मभर दप्तर सांभाळलेल्या माणसाला हे कलम वाचून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

जमिनीच्या नोंदींचा मुख्य कायदा १६१७ चा. त्याआधी एकच जमीन दोघांना विकणं, गहाण लपवून विकणं हे प्रकार सर्रास चालत. संसदेने ठरवलं की जमिनीचा ताबा दिल्याघेतल्याचा लेख, ज्याला तिथे 'सेझिन' म्हणतात, तो साठ दिवसांत सरकारी वहीत उतरवायचा. नाही उतरवला तर त्रयस्थाविरुद्ध त्याला किंमत नाही. गहाण सोडवण्याच्या हक्काचे लेखही याच वहीत. एक वही एडिंबरोला, सगळ्या देशासाठी. बाकीच्या परगण्यापरगण्यांत. मालकाला कुठेही नोंदवायची मुभा होती, त्यामुळे शोधणाऱ्याने दोन्हीकडे पाहिलंच पाहिजे. राजाची खास सनद असलेल्या शहरांच्या वह्या आणखी वेगळ्या. किरीम्यूर त्या सनदी शहरांत मोडत नव्हतं म्हणून त्याच्या नोंदी परगण्याच्या वहीत आहेत. अँगसला त्या काळी सरकारी दप्तरात फॉरफरशर म्हणत. हे आधी कळलं नाही तर माणूस यादीत अँगस शोधत बसतो.

ताबा कसा देत, ते मला सगळ्यात आवडलं. नुसता कागद पुरत नसे. जमीन देणाऱ्याचा प्रतिनिधी, घेणारा किंवा त्याचा मुखत्यार, एक नोटरी आणि दोन साक्षीदार प्रत्यक्ष त्या जमिनीवर जात. तिथे देणाऱ्याचा माणूस त्याच जमिनीतली माती आणि दगड उचलून घेणाऱ्याच्या हातात ठेवी. शेताला माती आणि दगड. गिरणीचा ताबा असेल तर जात्यावर धान्य सोडणारा चाडा आणि तो हलवणारी लाकडी पट्टी. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. धर्मादायाच्या दशमांशाचा हक्क असेल तर धान्याची पेंढी. जमिनीच्या उत्पन्नातून दरसाल ठरावीक रक्कम मिळण्याचा हक्क असेल तर माती-दगडाबरोबर एक पेनी. जे द्यायचं त्याचाच तुकडा हातात. नोटरी तिथेच हे पाही आणि लेखाच्या शेवटी लॅटिनमध्ये लिही की हे सगळं घडताना मी स्वतः पाहिलं, जाणलं आणि ऐकलं. खाली त्याची वळणावळणांची सही आणि त्याचं ब्रीदवाक्य.

या रिवाजाची एक गंमतशीर गोष्ट एडिंबरो किल्ल्यापुढच्या मैदानात पाटीवर कोरलेली आहे. १६२५ च्या सुमारास राजाने अटलांटिकपलीकडच्या नोव्हा स्कॉशियातल्या जमिनी स्कॉटिश सरदारांना द्यायला काढल्या. पण ताबा घ्यायला महासागर ओलांडून कोण जाणार? मग हुकूम निघाला की या कामापुरती किल्ल्याजवळची जमीन ही नोव्हा स्कॉशियाचीच जमीन समजावी. सरदार तिथे जात, एडिंबरोची माती हातात घेत आणि कॅनडातल्या जमिनीचे मालक होत. कायदा रिवाजाला सोडायला तयार नव्हता, हे यातून दिसतं. जमिनीवर जायची ही अट १८४५ मध्ये सुटली, आणि १८५८ पासून वेगळा ताबालेख करायचीही गरज उरली नाही. मूळ हस्तांतरणाचा दस्तच सरळ वहीत उतरवायचा.

घराणं शोधणाऱ्याला त्या माती-दगडाचा काय उपयोग? उपयोग साक्षीदारांत आहे. प्रत्यक्ष जमिनीवर जायचं म्हणजे साक्षीदार गावातलेच. शेजारचा लोहार, घेणाऱ्याचा मेव्हणा, नोटरीचा उमेदवार. त्यांची नावं, धंदे, राहण्याची ठिकाणं लेखात येतात, आणि पुष्कळदा कोण कुणाचा मुलगा तेही येतं. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती असा माणूसही दुसऱ्याच्या ताब्याला साक्षी म्हणून उभा राहिला आणि वहीत आला. चतुःसीमेतही तसंच. उत्तरेला अमक्याचं घर, पूर्वेला तमक्याच्या विधवेची बाग. आपल्याकडे जुन्या खरेदीखताची चतुःसीमा वाचली की अख्खी आळी डोळ्यापुढे येते, तेच इथे होतं.

वाचायला मात्र कष्ट आहेत. सतराव्या शतकातलं अक्षर 'सेक्रेटरी' वळणाचं, शब्द अर्धे तोडलेले, मजकुराचा बराच भाग लॅटिन. तिथल्या मदतनीस बाईंनी मला विचारलं, जमेल का? मी म्हटलं, मोडी वाचत आलोय, बघतो. मोडी वाचताना जी युक्ती उपयोगी पडते तीच इथे पडली. दस्ताचा साचा ठरलेला असतो. साचा एकदा तोंडपाठ झाला की डोळा तेवढ्या ओळी सोडून पुढे जातो, आणि नावं, नाती, रकमा, शेतांची नावं आपोआप वर येतात. रक्कम वाचताना लक्षात ठेवायचं की स्कॉट्स पौंड वेगळा. १७०७ च्या सुमाराला १२ स्कॉट्स पौंड म्हणजे एक इंग्रजी पौंड. बाराशेचं कर्ज वाचून पूर्वजाला सावकार समजू नये. १७८१ पासूनचं काम सोपं आहे. तेव्हापासूनच्या ताबालेखांचे इंग्रजीत छापील गोषवारे आहेत आणि परगण्याप्रमाणे नावांची सूची आहे. आपल्या इंडेक्स टू ची ही मोठी बहीणच.

त्या सूचीत विहीणबाईंची खापरपणजी सापडली. बापाच्या नावाखाली नव्हे, नवऱ्याच्याही नव्हे, तिच्या स्वतःच्या माहेरच्या नावाने. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाई कायद्याच्या कागदात माहेरचं आडनाव लावी. 'अमुक तमुक, विणकर अमक्याची पत्नी' असं. विधवा झाली तरी माहेरचं नाव कायम. थडग्यांवरही पुष्कळदा तेच. वंशावळ लावणाऱ्याला यासारखं वरदान नाही. आपल्या जुन्या दस्तांत 'गंगूबाई कोम रामा' एवढंच असतं, गंगूबाईचा बाप कोण ते शोधताना मी स्वतः हात टेकलेत.

गोषवाऱ्यात होतं ते असं. किरीम्यूरमधलं एक घर आणि मागची बाग, त्यात दोघी बहिणींचा निम्मा-निम्मा हिस्सा, वडिलांच्या वारस म्हणून. मग आम्ही पूर्ण लेख काढला. स्कॉटिश कायद्यात मुलगा असेल तर जमीन थोरल्या मुलाला जाई, बाकीच्यांना त्यात काही नाही. मुलगे नसतील तर मात्र सगळ्या मुली सारख्या वाटेकरी. म्हणजे दोन बहिणी निम्म्या-निम्म्या हिश्शाच्या धनी, याचा अर्थ त्यांना भाऊ नव्हता, किंवा असला तरी तो बापाआधीच निपुत्रिक गेला होता. एका ओळीने एवढं सांगितलं. पुढे लेखात ते घर वडिलांना त्यांच्या वडिलांकडून कसं आलं तेही होतं, कारण हक्काची साखळी दाखवल्याशिवाय वरचा जमीनदार वारस मान्य करत नसे. एका कागदात तीन पिढ्या मिळाल्या, चर्चच्या कुठल्याही वहीत नसलेल्या. विहीणबाई त्या पानाच्या छायाचित्रापुढे बराच वेळ बसल्या. त्यांना त्या दुसऱ्या बहिणीचं नावसुद्धा आजवर माहीत नव्हतं.

वरचा जमीनदार म्हणजे काय ते सांगायला हवं. स्कॉटलंडमधली जमीन तत्त्वतः राजाची. त्याच्याकडून सरदाराची, सरदाराकडून खालच्याची, अशी उतरंड. घर बांधायला जागा घेणारा विणकर ती कायमची घेई, विकू शके, मुलांना देऊ शके, पण वरच्याला दरसाल 'फ्यू'ची ठरावीक रक्कम द्यावी लागे, पिढ्यान् पिढ्या. मालक बदलला की वरच्याची मान्यता लागे, आणि त्या प्रत्येक मान्यतेचा कागद होई. लोकांना हा जाच होता. ही सगळी सरंजामी व्यवस्था अधिकृतपणे संपली ती २८ नोव्हेंबर २००४ रोजी. एकविसाव्या शतकात! पण वंशावळ शोधणाऱ्याच्या हाती आज जे कागद येतात ते त्या जाचातूनच आलेले आहेत.

मोठ्या जमिनीचा वारस असेल तर चौकशी आणखी कडक. राजाच्या कचेरीतून आज्ञा निघे, शेरीफ आजूबाजूच्या १५ जाणत्या माणसांना बोलावी, आणि ते शपथेवर उत्तरं देत. मयत राजाशी एकनिष्ठ असताना वारला का? हा त्याचा सगळ्यात जवळचा कायदेशीर वारस आहे का? वयात आला आहे का? जमिनीचं मूल्य किती? वरचा धनी कोण? हे उत्तर लॅटिनमध्ये लिहून परत कचेरीत जाई, म्हणून त्याला 'रिटूर' म्हणत. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसवून महजर करायची आपली पद्धत मला इथे फार जवळची वाटली. १५ माणसांची ही पद्धत १८४७ मध्ये बदलली. थॉमस टॉमसन हे १८०६ मध्ये या दप्तराचे पहिले उपप्रमुख झाले आणि त्यांनी या जुन्या रिटूरांचे सारांश छापून काढले. घुमटाखाली ठेवलेल्या ढिगाला त्यांनी वाट करून दिली. आमच्या खात्यात अशा माणसाचं नाव निघालं की उठून उभं राहावं.

वारसाच्या कायद्यात एक बारकावा आहे, तो अनुभवी शोधकांनाही चकवतो. निपुत्रिक माणसाची जमीन भावाला जाताना बघत की ती वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित. वडिलोपार्जित असेल तर पाठच्या धाकट्या भावाला. स्वतः मिळवलेली असेल तर लगतच्या थोरल्या भावाला. हा भेद १८७४ पर्यंत होता. म्हणजे मधला भाऊ वारला आणि दोन भाऊ वेगवेगळ्या जमिनींचे वारस ठरले, तर जन्मतारखा एकही माहीत नसताना तिघांचा क्रम कळतो. नात्याचे शब्दही काळजीने वाचावेत. 'ब्रदर जर्मन' म्हणजे आईबापांनी एक असलेला सख्खा भाऊ, जर्मनीशी त्याचा संबंध नाही. आईकडून सावत्र आणि बापाकडून सावत्र यांना वेगळे शब्द आहेत. वारसाहक्क बापाच्या बाजूने चाले, म्हणून हा फरक लिहिलाच जाई. आणि तारीख. बाप वारल्यानंतर लगेच वारसनोंद होईलच असं नाही. कर्ज काढायची किंवा विकायची वेळ येईपर्यंत माणसं वीस-वीस वर्षं थांबत. आपल्याकडे तरी फेरफार कधी होतो?

बायकांचे हक्क बघताना मला अनेक चेहरे आठवले. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचं उत्पन्न हयातभर मिळे. लग्नाच्या करारात त्याऐवजी दुसरं काही ठरवलेलं असे, त्यामुळे हे करार शोधणं फार मोलाचं. त्यात दोन्हीकडचे बाप, भाऊ, मामा, सगळे हजर असतात. आणि बायकोच्या मालकीची जमीन विकली जात असेल तर तिला न्यायाधीशापुढे, नवरा तिथे नसताना, शपथेवर सांगावं लागे की ही विक्री माझ्या खुशीची आहे, कुणाच्या धाकाने नाही. ही पद्धत पंधराव्या शतकापासूनची. मी नोकरीत असताना हक्कसोडपत्राला आलेल्या बहिणीच्या भावाला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगत असे आणि मग तिला विचारत असे, "बाई, काय लिहिलंय कळलं ना? खुशीने देताय ना?" तो माझा स्वतःचा शिरस्ता होता, आणि काहींना तो आवडत नसे. पाचशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशाने तो कायद्यात लिहून ठेवला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. अशी कबुली दस्ताला जोडलेली असली की बाईचं नाव, नवरा, ठिकाण आणि दिवस सगळं एका जागी मिळतं.

जमिनीशिवायचे कागद 'रजिस्टर ऑफ डीड्स'मध्ये. ही वही १५५४ पासून आहे. लोक इथे दस्त का नोंदवत? हरवू नये म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेल्या दस्ताला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येई. कर्ज फिटलं नाही तर वेगळा दावा न लावता वसुली करता येई. म्हणून इथे कर्जरोखे आहेत, लग्नाचे करार आहेत, मुलाला सुताराकडे उमेदवारीला ठेवल्याचे करार आहेत, भागीदाऱ्या आहेत, आणि परदेशी जाताना मागच्या माणसाला दिलेली मुखत्यारपत्रं आहेत. हिंदुस्थानात निघालेला माणूस मागे कुणाला मुखत्यार करतो, यावरून त्याचा सगळ्यात विश्वासाचा माणूस कळतो. बहुधा भाऊ किंवा मेव्हणा. शोधायला मात्र ही वही अवघड. १६६१ ते १८११ या काळात तिचे तीन समांतर भाग चालत, डॅलरिंपल, ड्यूरी आणि मॅकेंझी या कारकुनांच्या नावाचे, आणि दस्त कुठल्या भागात जाईल याला नियम नव्हता. तिन्ही पाहावे लागतात. अठराव्या शतकातल्या पुष्कळ वर्षांना सूचीही नाही. दस्त लिहिला एका साली, नोंदवला दुसऱ्या, कधी माणूस मेल्यावर. नुसती नोंदणीची तारीख धरून वंशावळीत नाव टाकलं तर मेलेला माणूस जिवंत होतो.

दस्त माणसाचं काय काय उघड करतो, ते पाहायचं तर रॉबर्ट बर्न्सचा कागद पाहावा. स्कॉटलंडचा हा सगळ्यात लाडका कवी १७८६ मध्ये मॉसगिलच्या शेतावर भावाबरोबर खंडाने शेती करत होता. जीन आर्मर त्याच्यापासून गरोदर होती आणि तिचा बाप पोटगीसाठी त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणायच्या बेतात होता. आधीच्या वर्षी एलिझाबेथ पेटन या बाईपासून त्याला एक मुलगी झालेली होती. २२ जुलै १७८६ रोजी त्याने दस्त केला. आपली सगळी चीजवस्तू आणि लवकरच छापून येणाऱ्या कवितांचा नफा भाऊ गिल्बर्टच्या नावे केला, आणि बदल्यात भावावर जबाबदारी टाकली की त्या मुलीला अन्न, वस्त्र, शिक्षण देऊन स्वतःच्या लेकरासारखी वाढवायची. त्याच महिन्याअखेरीस किल्मार्नकला त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला. कवीच्या चरित्रात या मुलीबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे, पण तिचा बाप कोण, काका कोण आणि तिला काय मिळायचं हे ज्याने कायद्याने बांधून दिलं तो कागद हा. सासऱ्याला चुकवायला केलेला, आणि तरीही लेकीची खरी सोय करणारा.

आता साताऱ्याचा माणूस. जेम्स ग्रँट डफ हे नाव मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साहेब. तो बॅन्फचा, जन्म १७८९ चा. पण साताऱ्याच्या कारभारात तो फक्त कॅप्टन जेम्स ग्रँट होता. १८१९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी तह झाला तेव्हाही ग्रँट. त्याची आई मार्गारेट, ईडनच्या डफ घराण्याची. ती १८२४ मध्ये वारली. ईडनची जमीन त्याच्याकडे आली आणि वडिलांच्या आडनावापुढे डफ लागलं. १८२६ मध्ये इतिहासाचे तीन खंड निघाले ते या नव्या नावाने. पुढे १८५० मध्ये बायकोकडे तिच्या आईच्या घराण्याची फाइफमधली जमीन आली, तेव्हा तिसरं आडनाव आलं, कनिंगहॅम. जमिनीबरोबर आडनाव घेणं हे त्या देशात नेहमीचं होतं. १६८५ च्या कायद्याने जमीन पिढ्यान् पिढ्या एकाच वंशक्रमात बांधून ठेवता येऊ लागली. असे दस्त वेगळ्या वहीत नोंदवत, आणि त्यांत पुष्कळदा अटच असे की जो कुणी वारस होईल त्याने आमचं आडनाव आणि कुलचिन्ह लावावं. मुलीच्या मुलाकडे जमीन जाताना तर हमखास. आडनाव एकदम बदललं, दोन आडनावं जोडून आली, की शोधकाने चर्चची वही मिटावी आणि जमिनीची उघडावी.

मला या माणसात रस आहे तो आणखी एका कारणाने. साताऱ्यात त्याने सनदा, इनामपत्रं आणि वतनांचे कागद तपासले, घराण्याघराण्यांकडून मागवून घेतले, आणि त्यांवर इतिहास उभा केला. त्याच्या निष्कर्षांशी आपल्या विद्वानांनी पुष्कळ भांडण केलं आणि ते योग्यच होतं. पण हक्काच्या कागदातून घराणी वाचायची सवय तो आपल्याबरोबर घेऊन आला असावा असं मला वाटतं. तो अशा देशात वाढला होता जिथे जमीन, नाव आणि नातं एकाच वहीत लिहिलेलं असतं.

मात्र या वहीबाहेर राहिलेले लोक वहीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. स्कॉटलंडची बहुसंख्य माणसं खंडकरी, शेतमजूर, कोळी, खाणकामगार. खंडाचे करार बहुतेक नोंदवले जात नसत. हायलँडमधून मेंढ्यांसाठी ज्यांना उठवलं, त्यांची घरं त्यांच्या नावावर कधी नव्हतीच. अशांसाठी जमीनदार घराण्यांची खासगी दप्तरं पाहावीत. त्यांतल्या बऱ्याच दप्तरांची रवानगी आता राष्ट्रीय अभिलेखागारात झाली आहे. त्यांत खंडाच्या याद्या असतात, कुणी किती दिलं, कुणाचं थकलं, बाप वारल्यावर शेत कुणी पुढे चालवलं. शेरीफच्या न्यायालयात जागा खाली करण्याचे हुकूम असतात, त्यांत कुटुंबप्रमुखाचं नाव येतं. जमीन मिळाल्याचा कागद नसेल तर जमिनीवरून काढल्याचा कागद शोधावा लागतो, हे लिहितानाही जड जातं, पण शोधकाने ते करायला हवं. त्या माणसाचं नाव त्या एकाच ठिकाणी उरलेलं असू शकतं.

किरीम्यूरच्या त्या दुसऱ्या बहिणीने आपला निम्मा हिस्सा पुढे विकला. तिच्या दस्तात तिचा नवरा डंडीच्या बंदरात काम करणारा असल्याचं लिहिलं आहे. त्या कुटुंबाची वाट आम्ही सध्या डंडीच्या वह्यांत शोधतो आहोत. डंडी सनदी शहर, त्याचं रजिस्टर स्वतंत्र.